क्रिलची वाटणी

कोकणच्या किनाऱ्यावर वाळत घातलेला जवळा कोणी पाहिला नाही? दक्षिण ध्रुवीय समुद्रात त्याच्यासारखाच दिसणारा, पण सुमारे 6 सेंटिमीटर लांबीचा एक जीव आहे. त्यास क्रिल म्हणतात. तो सूक्ष्म वनस्पतींवर जगतो. पेंग्विन, सील व देवमासे त्याच्यावर जगतात.

क्रिल पकडताना या भक्षकांचाही वाटा राखावा, हे तत्त्व 1982 साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने मान्य केले. अटलांटिककडील क्षेत्रात वर्षास 6 लाख 20 हजार टनांची मर्यादा ठरली व ती पोटविभागांत वाटली गेली. 2024 मध्ये सभासद राष्ट्रांचे एकमत न झाल्याने ही वाटणी संपुष्टात आली. 2025 च्या ऑगस्टमध्येच मर्यादा गाठली जाऊन मासेमारी थांबवावी लागली.

एकूण आकडा पाळला म्हणजे झाले, हे म्हणणे मला मान्य नाही. पिलांना भरविणारा पेंग्विन फार दूर जाऊ शकत नाही. वसाहतीजवळचा क्रिल उपसला गेला, तर इतरत्र उरलेला त्याच्या काय उपयोगाचा?

1981 साली गोव्याहून आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. पुढे भारत या कराराच्या आयोगाचा सभासद झाला. पावसाळ्यात स्वतःच्या किनाऱ्यावरील मासेमारी थांबविणाऱ्या देशाने तेथेही स्थळकाळ पाहून वाटणी करण्याचा आग्रह धरावा.