डॉलर लावा आणि मोकळे व्हा?

रुबी शिकवणाऱ्यांचा एक लाडका सल्ला आहे, तो ऐकला की माझं डोकंच फिरतं. ‘मेथडमध्ये बाहेरचा व्हेरिएबल दिसत नाही? नावाआधी डॉलरचं चिन्ह लावा, झालं काम!’

घरच्या मंडळींनी घाबरू नये. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा. ते नाव जिथपर्यंत ओळखलं जातं, तो त्याचा स्कोप. आपल्या वेल्ह्यात आंबवणे आहे, तिकडे मुळशीत कोरीगडाजवळही आंबवणे आहे. भांडण नाही, कारण हद्दी वेगळ्या. भोर संस्थानानं १८७९ मध्ये स्वतःची टपाल तिकिटं काढली, ती संस्थानाच्या हद्दीतच चालत.

रुबीतही तसंच. ‘डेफ’ लिहिलं की वेस लागली. बाहेर ‘दर’ या नावात १० ठेवलेत, तरी मेथडच्या आत रुबी त्या ‘दर’ला ओळखत नाही, सरळ ‘नेमएरर’ देते. ‘क्लास’ आणि ‘मॉड्यूल’लाही अशीच वेस. ‘ईच’चा ब्लॉक मात्र ओसरीसारखा, तिथून बाहेरचं दिसतं.

लोक याला आडमुठेपणा म्हणतात. मी म्हणतो, उपकार आहेत! मेथड समजायला तेवढीच वाचावी लागते, सगळी फाईल नाही. डॉलरवालं नाव कुठूनही दिसतं, म्हणजे कुठूनही बदलता येतं. बिल चुकलं की बसा सगळा गाव पालथा घालत.

मेथडला दर हवाय? मग पॅरामीटर म्हणून हातात द्या. ऑब्जेक्टनं तो जपायचा असेल तर नावाआधी एक ‘ॲट’ लावा, पण तो ‘इनिशियलाइझ’मध्ये भरा. थेट क्लासच्या अंगात लिहिलात तर तो क्लासचा स्वतःचा होतो. ऑब्जेक्टला मिळतो ‘निल’, आणि रुबी तक्रारही करत नाही. दोन ‘ॲट’ लावलेत तर तो पोटक्लासांसकट सगळ्यांचा सामाईक. एकानं बदलला की सगळ्यांचा बदलला. सातबाऱ्यावर सामाईक नावं असलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको :)

भोर-वेल्ह्यातून पुण्याला जाऊन पहिल्यांदा कोड लिहिणारी पोरं असा सल्ला खरा मानतात. सवय लागते, आणि नोकरीत दुसऱ्याच्या कोडमध्ये हात घातला की ती सवय महागात पडते. शिकवणाऱ्यांनो, एरर दडपायला शिकवू नका, ती वाचायला शिकवा. तासभर जास्त लागेल, लागू दे.

असो. तुमचं काय मत?