‘काढणें’ म्हणजे काय?

शिक्षकाच्या पेशांत जन्म घालविलेल्या माणसास दुसऱ्याच्या वाक्यांतील चूक चटकन् दिसते. स्वतःची मात्र कोणी दाखविल्यावांचून दिसत नाहीं. आम्हांस ती नुकतीच एका यंत्रानें दाखविली. हकीकत थोडी लाजिरवाणी आहे, तरी वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतों.

आमच्या गांवच्या वाचनालयांत हल्लीं संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक ‘एजंट’ बसविला आहे. त्यास मराठींत सांगावें आणि त्यानें काम करावें. मात्र हें काम तो हाताशीं दिलेल्या साधनांच्या द्वारें करतो: एक साधन सभासद शोधण्याचें, एक पुस्तक नोंदविण्याचें, एक वर्गणी जमा करण्याचें. प्रत्येक साधनास नांव, दोन-चार ओळींचें वर्णन, आणि कोणती माहिती कोणत्या रूपांत द्यावयाची याचा तक्ता जोडलेला असतो. अशीं साधनें जोडण्याची एक सर्वसामान्य पद्धति ‘मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल’ या नांवानें अँथ्रॉपिक कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केली. मुख्य गोष्ट ही कीं, साधनाच्या पोटांत काय आहे हें एजंट पाहत नाहीं. तो वर्णन वाचतो आणि त्यावर विसंबून साधन उचलतो.

हीं वर्णनें मराठींत लिहिण्याचें काम आमच्या पुतण्यानें आम्हांवर सोंपविलें. नोंद पुसून टाकणाऱ्या साधनापुढें आम्हीं लिहिलें, “सभासदाची नोंद काढतें.” पुढें एके दिवशीं ग्रंथपालांनीं एजंटास सांगितलें, “अमक्या काकूंची नोंद काढ.” त्यांना ती पाहावयाची होती. एजंटानें ती काढली, म्हणजे पुसली! बत्तीस वर्षें वाचनालयाची पायरी चढणाऱ्या त्या वृद्ध बाईंस दुसऱ्या दिवशीं “आपण सभासद नाहीं” असें ऐकावें लागलें. राखून ठेवलेल्या प्रतीवरून नोंद परत मिळाली. पण त्यांचा पडलेला चेहरा आम्हीं पाहिला.

प्रथम आम्ही यंत्रासच दोष दिला. मग आपला कागद पुढें घेतला. चित्र काढतात, पेटींतून वस्तु काढतात, आणि यादींतून नांवहि काढतात. आमच्या एका वाक्यांत हे सारे अर्थ सुखानें नांदत होते.

न्यायशास्त्रांत लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाईचें लक्षण ‘तांबूस रंग’ असें केलें तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ति. ‘शिंगें असणें’ असें केलें तर म्हैसहि आंत येते, ही अतिव्याप्ति. ‘अखंड खूर असणें’ म्हटलें तर एकहि गाय सांपडत नाहीं, हा असंभव. साधनांच्या वर्णनास हीच कसोटी लागते. वर्णन अव्याप्त असेल तर हवें तेव्हां साधन उचललें जात नाहीं. अतिव्याप्त असेल तर नको तेथें उचललें जातें. आणि साधन जें करीतच नाहीं तें लिहून ठेवलें, तर एजंट खोट्या आशेनें त्याच दारीं खेटे घालतो. आमचा दोष अतिव्याप्तीचा.

परंतु हे दोष लिहिणारास वाचून कळत नाहींत, कारण त्यास अर्थ आधींच ठाऊक असतो. म्हणून पुतण्यानें परीक्षा मांडली. ग्रंथपाल खरोखर बोलतात तशा तीस विनंत्या लिहिल्या. प्रत्येकीपुढें योग्य साधन व त्यास द्यावयाची माहिती टिपून ठेवली. आणि प्रत्येक विनंती पांच वेळां दिली, कारण हें यंत्र त्याच प्रश्नास दर वेळीं तेंच उत्तर देईल असा नेम नाहीं. कांहीं विनंत्यांस कोणतेंच साधन लागूं नये अशी योजना होती. पाऊस केव्हां थांबेल असें विचारतां जो वर्गणीचें साधन उचलतो, त्यास नापास करणेंच भाग आहे. बर्कले येथील विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं २०२४ मध्यें सुरू केलेल्या अशाच परीक्षेंतहि हा प्रकार आहे. वर्णन सुधारल्यावर विनंत्याहि नव्या घेतल्या. जुन्याच प्रश्नांवर पुन्हा गुण देणें म्हणजे फुटलेल्या पेपरावर गुण देणें होय.

नवें वर्णन असें: “सभासदाची नोंद कायमची पुसून टाकतें. सभासदानें लेखी राजीनामा दिला असेल तरच वापरावें. नोंद नुसती पाहावयाची असल्यास सभासद शोधण्याचें साधन घ्यावें.” नव्या परीक्षेंत ती चूक पुन्हा झाली नाहीं. तरीहि पुसण्यापूर्वीं ग्रंथपालांची संमति घेतलीच पाहिजे, अशी अट आम्हीं घालावयास लावली. वर्णन कितीहि चांगलें असलें तरी तें कुलूप नव्हे.

जन्मभर आम्हीं मुलांचीं उत्तरें तपासलीं. प्रश्न नीट विचारला होता काय, हें क्वचितच तपासलें. कित्येकांचे गुण आमच्याच वाक्यांनीं कापले असतील. त्यांची क्षमा मागावयास आतां फार उशीर झाला. त्या काकूंची मात्र आम्हीं घरीं जाऊन मागितली. त्यांनीं हंसून फडताळांतून लाडवांचा डबा काढला. त्या वेळीं ‘काढणें’ या शब्दाचा अर्थ कोणासच विचारावा लागला नाहीं.