पोरगा म्हणतो, जग हिंडायचंय

आमच्या शेजारचे रिक्षावाले भाऊ परवा रात्री जेवणं आटोपल्यावर आमच्या दारात येऊन उभे राहिले. "जयभीम दादा, थोडं बोलायचं होतं." बसा म्हटले, पाणी दिले. बराच वेळ ते गप्पच होते. मग एकदम म्हणाले, "पोराला तुम्हीच समजवा. बारावी झाली, गोदामात कामाला लागला, दोन पैसे घरात येतात. आता म्हणतो, जंगलातल्या जनावरांचे फोटो काढणार, जगभर हिंडणार. आईच्या भिशीचे चाळीस हजार मागतोय कॅमेऱ्याला. ते पैसे पोरीच्या कॉलेजच्या फीचे आहेत."

वाचकहो, खरे सांगायचे तर आम्ही तेव्हाच मनात निकाल देऊन टाकला होता. वाघ-सिंहांचे फोटो काढत देशोदेशी फिरणे हा पैसेवाल्यांचा शौक, आपल्या पोरांनी त्या वाटेला जाऊ नये, असेच आम्हाला वाटत होते. तरी म्हटले, आधी कॅमेऱ्याची किंमत तरी बघू. किंमत ऐकली की पोराची हौस आपोआप फिटेल.

शनिवारी भाऊंच्या रिक्षातून आम्ही बुधवार पेठेत गेलो. मंडई ओलांडली, दगडूशेठच्या गर्दीतून वाट काढली. समोर भिडे वाड्याची जागा. जुना वाडा स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात उतरवला. याच जागी १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती. पुढे तपकीर गल्ली. वायरी, दिवे, मोबाईल, स्पीकर यांनी खच्चून भरलेली. एका दुकानात पोराने लांब पल्ल्याच्या मोठ्या भिंगाची चौकशी केली. दुकानदाराने यादी पाहून सांगितले, "मागवावं लागेल. दहा लाखांच्या वर जाईल." भाऊ एवढेच म्हणाले, "म्हणजे माझी रिक्षा तीन वेळा विकावी लागंल."

आम्हाला वाटले, झाले काम. पण पोरगा हसला. "काका, ते नुसतं विचारलं. मला ते नकोच आहे. चहा घेऊ या, मग दाखवतो."

अमृततुल्यात बसल्यावर त्याने मोबाईलवर एक फोटो काढून आमच्यापुढे धरला. रात्रीची वेळ, घरांमधली अरुंद बोळ, आणि त्या बोळातून चाललेला बिबट्या. बोळ आपल्या वस्तीतल्यासारखीच. आम्ही विचारले, आफ्रिका का रे? तो म्हणाला, "नाही काका, मुंबईची आरे कॉलनी."

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची वन्यजीव छायाचित्रांची एक मोठी स्पर्धा आहे. ती १९६५ साली सुरू झाली. जगभरातून तिच्याकडे हजारो छायाचित्रे येतात आणि निवडलेल्यांचे प्रदर्शन देशोदेशी फिरते. २०१६ साली त्या स्पर्धेत शहरी विभागाचे बक्षीस मुंबईच्या नयन खानोलकर यांना या फोटोसाठी मिळाले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून वारल्यांची वस्ती आहे. रात्री कुत्र्यांच्या शोधात बिबटे तिथे येतात. वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या शेजारी राहत आले आहेत. खानोलकरांनी आधी त्या लोकांचा विश्वास मिळवला, मग एक बोळ निवडली आणि कॅमेरा लावून ठेवला. नेहमीच्या दिव्यांसारखाच उजेड पडेल अशा बेताने फ्लॅश बसवले. माणसे, कुत्री, मांजरे कॅमेऱ्यापुढून गेली. बिबट्याचा हवा तसा फोटो मिळायला चार महिने लागले.

आपोआप फोटो काढणाऱ्या अशा कॅमेऱ्याची कल्पना जुनीच आहे. शंभर वर्षांपूर्वी चॅम्पियन नावाचा एक इंग्रज वनअधिकारी उत्तरेकडच्या जंगलात वाटेवर तार बांधून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला की वाघ स्वतःच आपला फोटो काढून घेई. आता तारेऐवजी यंत्र हालचाल ओळखते. आपल्या देशात २००६ पासून दर चार वर्षांनी वाघांची मोजदाद होते, तीही अशाच कॅमेऱ्यांवर. माणसाच्या बोटांचे ठसे तसे वाघाचे पट्टे. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात.

भाऊ ऐकत होते, पण चेहरा तसाच होता. मग पोराने दुसरा फोटो काढला. कोळ्याचे जाळे, मधोमध कोळी आणि मागे झगझगीत रंग. "बाबा, हे मागचे रंग कशाचे, ओळखा." भाऊंना काही ओळखता येईना. "रिक्षा आहे ती! जाळ्यामागून रिक्षा चालली होती." बंगळूरच्या विद्युन हेब्बर या दहा वर्षांच्या मुलाने भिंतीच्या फटीतल्या कोळ्याचा हा फोटो काढला आणि २०२१ साली त्याच स्पर्धेत लहान मुलांच्या गटात बक्षीस मिळवले. त्याच्या आधी २०१८ साली पंजाबातल्या जालंधरच्या अर्शदीप सिंग या मुलाला याच गटात बक्षीस मिळाले होते. रस्त्याकडेच्या एका टाकाऊ पाइपातून डोकावणारे दोन पिंगळे त्याने टिपले होते.

भाऊंनी मोबाईल हातात घेतला आणि तो रिक्षाचा फोटो बराच वेळ पाहिला. वीस वर्षे रिक्षा चालवणाऱ्या माणसाला ती लंडनच्या भिंतीवर लागेल असे कधी वाटले असेल?

तेव्हा आमच्या लक्षात आले की पोराला समजवायला आलो होतो ते आम्हीच शिकत होतो. जग हिंडायचे म्हणजे आधी विमानाचे तिकीट काढायचे असे नसते. बोळ, फट आणि पाइप यांच्याकडे ज्याला नीट बघता आले, त्याचा फोटो आधी जगभर फिरला. पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर हिचेही तसेच. भंडारदऱ्याच्या रात्री काजव्यांनी झगमगलेले झाड तिने टिपले आणि २०२० साली त्याच लंडनच्या स्पर्धेत तिच्या फोटोची खास वाखाणणी झाली. काजवे पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यांनाच दिसतात. तिने ते अंधारात उभे राहून धीराने पाहिले.

पण वाचकहो, नाण्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय आम्ही उठलो नाही. नुसते वाघाचे फोटो विकून फार थोड्यांचे पोट भरते. बाकीचे लग्नाचे फोटो काढतात, शिकवण्या घेतात, हौशी लोकांना जंगलात फिरवून आणतात. बक्षीस एकाला, हात हलवत परतणारे हजार. आणि घाई झाली की माणूस घसरतो. त्याच स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला सर्वांत मोठे बक्षीस मिळाले. पुढे परीक्षकांना पटले की तो लांडगा माणसाळवलेला असावा. जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतले. पैसे गेले आणि नावही गेले. फोटोसाठी घरट्याजवळ जाऊन पिलांना घाबरवणारा, आमिष टाकणारा आमच्या मते छायाचित्रकारच नव्हे.

मग आम्ही मुद्द्यावर आलो. पोराला विचारले, "ते चाळीस हजार कोणाचे?" तो खाली मान घालून म्हणाला, "ताईच्या फीचे. पण तीच म्हणाली, दादाला द्या, मी पुढच्या वर्षी बघते."

घरोघरी हे असेच होते. पैसा कमी पडला की पोरगीच पुढच्या वर्षावर ढकलली जाते आणि ते पुढचे वर्ष पुष्कळदा उगवतच नाही. आम्ही त्याला म्हटले, "बाळा, आता आपण ज्या जागेवरून आलो तिथे मुलींना शिकवायला सावित्रीबाईंनी शेण-दगड झेलले. त्याच पेठेत बहिणीच्या फीचा कॅमेरा विकत घ्यायचा का?"

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "नको काका. मी माझ्या पगारातून घेईन."

ठरले ते असे. फीच्या पैशांना हात लावायचा नाही. गोदामाची नोकरी सोडायची नाही. दरमहा पगारातले थोडे बाजूला टाकून जुना पण चांगला कॅमेरा घ्यायचा. तोवर मोबाईल आहेच. भाऊंनी आपल्याकडून एक गोष्ट कबूल केली. महिन्यातल्या एका रविवारी पहाटे धंदा सोडून ते पोराला कवडी पाटावर नेणार.

पुण्याचे पाणी मुळा-मुठेतून लोणी काळभोरकडे जाते, तिथे हा कवडी पाट. थंडीत दूरदेशाहून चक्रवाक येतात, शेकाटे, करकोचे असतात. सोबत शहराने सोडलेला प्लॅस्टिकचा कचराही. पुढे हात मोकळा झाला तर उजनीच्या पाण्यावर भिगवणला जाता येईल. तिथले मासेमारी करणारे आज लोकांना होडीतून रोहित पक्षी दाखवतात आणि त्यावर त्यांची चार पैशांची कमाई होते. पक्षी कुठे उतरतो, कधी उडतो हे त्यांना पोथीवाचून कळते. असल्या माणसाकडून शिकणे कोणत्याही वर्गापेक्षा कमी नाही.

गेल्या रविवारी बापलेक कवडीला जाऊन आले. संध्याकाळी पोराने आम्हाला मोबाईलवरचा फोटो दाखवला. जरा अंधुकच आहे. लांब लाल पायांचा एक शेकाट्या, आणि त्याच्या पायाशी अडकलेली दुधाची पिशवी. आम्ही विचारले, पिशवी टाळून काढता आला नाही का? तो म्हणाला, "आला असता. पण ती तिथे होती ना, काका."

आम्हाला वाटते, पोराला कळले आहे.

आणि हो, ताईची फी भरली. पावती भाऊंनी रिक्षात मीटरशेजारी खोचून ठेवली आहे. बसणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात.