शॉर्ट शिफ्टर? आधी बुश बदला!

मंडळी, या वीकेंडला विषय गियरच्या दांडीचा. अमेरिकेतला माझा आतेभाऊ त्याच्या 1990 च्या माझदा मियाटाला शॉर्ट शिफ्ट किट बसवायचं म्हणतोय. सल्ल्यासाठी फोन कुणाला, तर हिंगण्याला! मी एमआयडीसीतल्या लेथवाल्यांच्या शेजारी राहतो ना.

माझं मत: आत्ता नको. मियाटाची दांडी थेट गियरबॉक्समध्येच उतरते, मध्ये केबल वगैरे भानगड नाही. किट म्हणजे साधी तरफ हो. समजा, टेकूखालची बाजू 40 मिमीची 52 केली. दांडी साधारण 23 टक्के कमी हलते, पण जोर 30 टक्के जास्त लागतो. आणि सिंक्रोनायझरला गियर-शाफ्टचा वेग जुळवायला लागायचा तो वेळ लागतोच. आपण घाई केली की झिजते ती आतली पितळी रिंग, तीही पस्तीस वर्षं जुनी!

दांडी ढिली लागते ती बहुतेकदा तळाचं नायलॉन बुश झिजल्याने. त्यात रबर बूट फाटलेले, दांडीखालचं तेल आटलेलं. ते न बघता किट बसवणं म्हणजे प्रोफाइल न करता कोड ऑप्टिमाइझ करणं. बुश, बूट, तेल: एका शनिवारचं काम.

त्यानंतरही हौस उरलीच, तर बसव बाबा किट. गाडी तुझी, मनगटही तुझंच.