माहेरचं घर आणि भिडेवाडा

माझं गाव दांडी. हे सांगितलं की ऑफिसमध्ये दर वेळी तोच प्रश्न, "मिठाचं का?" नाही हो! ते गुजरातेत. आमचं दांडी पालघरचं, तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बाजूचं. पण गंमत बघा, गांधीजी जन्मले पोरबंदरला आणि १९३० साली मीठ उचललं दांडीला. दोन्ही गावं लोकांना पाठ आहेत. बायकांच्या बाबतीत असं का होत नाही, हा किडा गेल्या रविवारपासून डोक्यात वळवळतोय.

झालं असं की आई पुण्याला आली होती. मॉल बघून कंटाळली, म्हणून म्हटलं चल, नायगावला जाऊ. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. सातारा जिल्हा, खंडाळा तालुका, पुण्याहून सातारा रस्त्याने शिरवळच्या बाजूला. सकाळी निघून जेवायला घरी परत येता येतं. खंडोजी नेवसे पाटलांचं घर नीट दुरुस्त करून जपलंय, स्वच्छ आहे. ३ जानेवारीला इथे मोठी गर्दी असते, एरवी शांत.

आई सगळं फिरली आणि तिने विचारलं, "लग्न होऊन गेली तेव्हा केवढी होती गं?"

"नऊ वर्षांची. १८४० साली."

"मग सगळं केलं ते सासरीच की."

बरोबर होतं तिचं! इथून गेली तेव्हा सावित्रीला अक्षरओळखसुद्धा नव्हती. लिहायला-वाचायला शिकली ती लग्नानंतर, जोतिरावांकडे. मग नुसता जन्म झाला म्हणून घर बघायचं का?

तर नाही. याच नायगावातून १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाईंनी जोतिरावांना पत्र लिहिलं. आजारी होत्या, म्हणून माहेरी आल्या होत्या. भावाने सुनावलं की महार-मांगांसाठी कामं करून तुम्ही कुळाला बट्टा लावताय, जातीच्या रिवाजाने वागा. आजारातून उठलेल्या त्या बाईने भावाला तिथल्या तिथे तोंडावर उत्तर दिलं. माहेरी जाऊन भावाशी असं भांडणं आजही किती जणींना जमतं? मला तरी नाही जमत. माझ्या मते नायगावला जायचं ते या भांडणासाठी, पाळण्यासाठी नाही.

आता भिडेवाडा. १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली ती जागा, बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या अगदी समोर. कॉलेजची चार वर्षं मी त्या गणपतीला जायचे. समोर खाली दुकानं आणि वर मोडकळीला आलेला वाडा. तो कसला आहे हे मला ठाऊकच नव्हतं! कोर्टकचेऱ्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडून जागा स्मारकासाठी मोकळी केली. स्मारक होईल, चांगलंही होईल. पण ज्या पायऱ्या चढून मुली शाळेत गेल्या त्या काही परत येत नाहीत.

मला वाटतं जन्मघर जपायला सोपं असतं. गावाला अभिमान, कुणाचं दुकान हलवायचं नाही. कामाची जागा भर बाजारात असते, तिथल्या चौरस फुटाला भाव असतो. आणि नायगावात सावित्री लेक असते, भिडेवाड्यात ती आपल्याला प्रश्न विचारते. लेकीचं कौतुक कुणालाही परवडतं..

असो. दुसऱ्यांना काय बोलायचं! आमच्या जिल्ह्यात काम केलेल्या गोदावरी परुळेकर जन्मल्या पुण्यात, १९०७ साली. म्हणजे माझ्या नेमका उलटा प्रवास. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठबिगारी करायला नकार दिला, त्यामागे या बाई होत्या. दांडीहून झरी म्हणजे एका दिवसात जाऊन येण्यासारखं. अठरा वर्षं गावात काढली, एकदाही गेले नाही.

परतीच्या वाटेवर आईला हे सांगितलं. जाऊ म्हणाली. फक्त २३ मे ची तारीख तिला पसंत नाही, कारण ते सुकी मासळी भरून ठेवायचे दिवस.