भिंतीला डोळे फुटण्यापूर्वी

भिंतींना कान असतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता त्यांना डोळेही फुटू लागले आहेत. बेळगावात शहापूरला आमच्या गल्लीत पाच-सहा घरांवर कॅमेरे आहेत. त्यांपैकी एक आमचा. मागच्या वर्षी गल्लीतून एक स्कूटर चोरीला गेली आणि बाबांनी त्याच आठवड्यात कॅमेरा आणला. कॅमेरा असावा की नसावा, हा वाद मला घालायचा नाही. माझे म्हणणे त्याच्या तारेविषयी आणि त्या तारेसाठी भिंतीला पाडलेल्या भोकाविषयी आहे.

आमचे घर आजोबांच्या वेळचे, भिंती दीड हात जाड. कारागीर सकाळी आला, त्याने लांब ड्रिलने आरपार भोक पाडले, तार दिव्याच्या वायरींना बांधून आत नेली आणि दुपारच्या आत पैसे घेऊन गेला. बाबा खूश! पुढे बेळगावचा पाऊस सुरू झाला आणि आठ दिवसांत चित्र बंद. भोक आतल्या बाजूला उतरते पाडले होते. तारेवरून पाणी ओघळत थेट घरात आले, टोकाच्या पिना गंजल्या आणि आतला गिलावा फुगून पडला.

दुसऱ्यांदा काम झाले तेव्हा मी कॉलेज बुडवून कारागिराशेजारी उभा राहिलो आणि पुष्कळ शिकलो. या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनचा पीळ घातलेल्या. त्यांतून चित्र तर येतेच, पण कॅमेऱ्याला लागणारी सुमारे ४८ व्होल्टची वीजही जाते. १०० मीटरपर्यंत ती सलग नेता येते. तार शुद्ध तांब्याची हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, पण तिच्यात वीज अधिक वाया जाते. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरींपासून दूर, स्वतंत्र नळीतून ती न्यावी. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे आणि आत शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते. टोकाची पिन तार आत गेल्यावर बसवावी, म्हणजे भोक लहान पुरते. कॅमेरा काही वर्षांनी बदलेल, तार भिंतीतच राहील. तरी आपण कॅमेऱ्यावर हजारो रुपये खर्च करतो आणि तारेत शे-दोनशे वाचवतो. वाणिज्य शाखेत हा हिशेब कुणी शिकवत नाही!

पण खरी चूक पावसाने दाखवली नाही. समोरच्या अज्जी रोज संध्याकाळी आपल्या कट्ट्यावर शेंगा सोलत बसत. कॅमेरा लागल्यापासून त्या दिसेनाशा झाल्या होत्या. दुसऱ्यांदा ड्रिलचा आवाज ऐकून त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "यारन्न नोडाक हाकीरि?" कुणाला बघायला लावलाय?

मी जुने चित्रण उघडून पाहिले. अर्धे चित्र अज्जींच्या दाराचे होते. त्यांचा उंबरा, त्यांचा कट्टा, त्यांच्याकडे येणारे-जाणारे. असे का? तर त्या कोपऱ्यात भोक पाडणे सोपे होते. म्हणजे आम्ही कुणावर नजर ठेवायची, हे आमच्या घरात ड्रिलने ठरवले!

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. आपण तो परीक्षेसाठी पाठ करतो. अज्जींनी तो वाचलेला नाही, पण आपल्या कट्ट्यावर कुणीतरी डोळा ठेवला आहे, हे त्यांना पहिल्या दिवशी कळले.

आम्ही जुने भोक बुजवले आणि कॅमेरा आमच्या फाटकाकडे वळवला. तरी गल्लीचा थोडा भाग दिसत होता, तो कॅमेऱ्यातल्या सोयीने काळा करून टाकला. चित्र अज्जींना नेऊन दाखवले. त्या पुन्हा कट्ट्यावर बसू लागल्या आहेत. मात्र बसण्यापूर्वी एकदा वर बघतात.

मित्रहो, तार घ्याल ती चांगली घ्या, भोक बाहेर उतरते पाडा. पण ड्रिल हातात घेण्यापूर्वी समोरच्या दारात जाऊन विचारा. मराठीत विचारा की कन्नडमध्ये, समोरच्याला कळेल त्या भाषेत विचारा. भिंतीतले भोक सिमेंटने बुजते. शेजाऱ्याच्या मनात पडलेले बुजवायला किती दिवस लागतात, ते मी रोज संध्याकाळी पाहतो आहे.