याचे नाव काय हो?

माझ्याकडे कुत्रा नाही. पाळावा, अशी गोष्ट मी घरात एकदाच काढली. "आहे त्या एकाचं करता करता जीव जातोय, दुसरा कशाला?" असे उत्तर मिळाले आणि विषय तेथेच मिटला. तेव्हापासून मी माझी हौस दुसऱ्यांच्या कुत्र्यांवर भागवतो.

सकाळी दादरच्या शिवाजी पार्काला फेरी मारली की या हौसेला तोटा नाही. तेथे कट्ट्यावर बसलेल्या एखाद्या अनोळखी माणसाला "आपले नाव काय?" असे विचारून पाहा. हा विम्याचा एजंट असावा, अशा समजुतीने तो लगेच घड्याळाकडे बघेल. पण त्याच्या हातात साखळी असली आणि तुम्ही "याचे नाव काय हो?" म्हणालात, तर त्याची कळी खुललीच! नाव, वय, पोटाच्या तक्रारी, आवडीची बिस्किटे, सारे न विचारता कळते. मला आज एकवीस कुत्र्यांची नावे पाठ आहेत. त्यांच्या धन्यांपैकी एकाचेही नाही. माझ्या लेखी त्या 'टिपूच्या आई' आणि ते 'राजाचे आजोबा'.

कुत्र्यांविषयीचे माझे ज्ञान मात्र बेताचे. एकदा एका करारी मुद्रेच्या गृहस्थांबरोबर, बरगड्या मोजून घ्याव्यात असा उंच कुत्रा पाहिला आणि कळवळून म्हणालो, "याला खायला कमी पडतं का हो?"

गृहस्थ थांबले. कुत्रा नाही, पण मालक खास चावणार, असे मला वाटले. ते म्हणाले, "अहो, हा मुधोळचा! पळणारं जनावर सडपातळच असायचं." मग कळले, की आपल्याकडे ज्याला कारवानी म्हणतात तो हाच, वासापेक्षा नजरेने शिकार हेरणारा. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीट काढले. ते त्यांनी पाकिटातून काढून दाखवले, नातवाचा फोटो दाखवावा तसे! कुत्र्याचे नाव सरदार.

पुढे रोज पाच मिनिटे सरदारविषयी बोलणे होऊ लागले. त्यातूनच समजले, की गृहस्थ एकटे राहतात आणि परदेशातला मुलगा फोनवर आधी सरदारची चौकशी करतो, मग वडिलांची. गेल्या दिवाळीत सरदार चार दिवस पलंगाखालून बाहेर आला नाही. आपल्याला ऐकू येत नाहीत असे बारीक, उंच आवाजही कुत्र्याच्या कानाला टिपता येतात. त्याच्यापुढे सुतळी बॉम्ब म्हणजे काय झाले असेल!

यंदा श्रावणात ते एकटेच आले. सरदारला तेरावे वर्ष चालू होते, तेव्हा विचारायचे काही उरले नव्हते. मी खरे सांगतो, मंडळी, पलीकडच्या बाजूने सटकावे असे मनात आले. यांचे नाव ठाऊक नाही, घर ठाऊक नाही. आम्हां दोघांना बांधणारी साखळी एकच, आणि तीच आता रिकामी. काय बोलायचे?

शेवटी कसाबसा म्हणालो, "सरदार फटाक्यांना फार घाबरायचा, नाही का हो?"

ते कट्ट्यावर बसले. म्हणाले, "भेटेल तो त्याचं नावच टाळतो. मला वाईट वाटेल म्हणून." आणि मग अर्धा तास सरदारविषयी बोलत राहिले. त्याने पळवलेली चप्पल, पावसात भिजून दारात दिलेला झटका, शेवटच्या आठवड्यातले त्याचे ते नुसते बघत राहणे. मी ऐकले. दुसरे काही करता येण्याजोगे नव्हतेच.

उठताना त्यांनी विचारले, "आपलं नाव काय हो?"

मी सांगितले. त्यांनीही सांगितले. आता रोज सकाळी आम्ही दोघे मिळून दुसऱ्यांचे कुत्रे थांबवतो. काल एक नवे पिल्लू दिसले. मी तोंड उघडण्याआधीच ते पुढे झाले आणि म्हणाले, "याचं नाव काय हो?"